एक्सलला ग्रीस लावलं तर चाक सुटतं?

'बाईकच्या एक्सलला ग्रीस लावू नका, नट सैल होऊन चाक निघेल' हा सल्ला वर्षानुवर्षं गॅरेजांतून फिरतोय. एक्सल म्हणजे चाकाच्या मधोमध आरपार जाणारा दांडा, त्याच्या टोकाला नट बसतो. नटाला धरून ठेवतो तो ताण. नट आवळला की एक्सल किंचित ताणला जातो आणि बेअरिंगच्या आतल्या कड्या, मधला स्पेसर (अंतर राखणारी नळी), स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हलता सांगाडा) एकमेकांवर दाबून बसतात. दांड्याच्या अंगावरच्या ग्रीसचा त्याच्याशी काय संबंध?

उलट कोरडा ठेवा आणि कोकणातल्या पावसात चालवा. पाणी आत शिरतं, पोलाद गंजतं, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि एक्सल कडीतच जाम होतो. मग पंक्चरवाला हातोडी घालतो आणि टोकाचे आटे चेपतात.

चाक निघालंच आहे तर दांडा पुसा, गंज पॉलिश पेपरने काढा, ग्रीसचा पातळ हात फिरवा. थापायचं मात्र नाही. ड्रम ब्रेकच्या लायनरवर (घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीवर) गेलं तर ब्रेक गेलाच.

सल्ल्यात तथ्य असलंच तर आट्यांपुरतं, तेही उलट्या बाजूने: मॅन्युअलमधला टॉर्क (नट किती जोराने पिळायचा ते माप) बहुधा कोरड्या आट्यांसाठी असतो, तेलकट आट्यांवर तेवढ्याच टॉर्कने नट जास्त आवळला जातो. म्हणून आटे पुसून घ्या. स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून घालतात ती दुमडायची पिन) असेल तर नवी घाला, पाच-दहा रुपयांची तर येते.