मधल्या सोळा जागा

गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला म्हणून रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंना झालेली १ डिसेंबर १९५५ची अटक बहुतेकांना ठाऊक असते. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरीच्या त्या बसमध्ये आसनांची मांडणी कशी होती, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही, आणि वाद होता तो त्या मांडणीचाच.

बसला ३६ जागा. पुढच्या १० गोऱ्यांच्या, रिकाम्या असल्या तरी. मागच्या १० कृष्णवर्णीयांच्या. मधल्या १६ जागांत हद्द कुठे आखायची, ते गर्दी बघून ड्रायव्हर ठरवी. शहराच्या नियमाने तेवढ्यापुरता त्याला पोलिसाचा अधिकार होता. एका ओळीत दोन्ही वर्णांचे लोक बसायचे नाहीत, म्हणून एका गोऱ्या प्रवाशासाठी चौघांनी उठायचं. पुढच्या दाराशी भाडं भरून खाली उतरायचं आणि मागच्या दाराने चढायचं, असंही अनेकदा चाले. तेवढ्यात बस सुटली की पैसे गेले.

‘वेगळे पण समान’, म्हणजे सोयी सारख्या असतील तर वर्णांप्रमाणे वेगळ्या ठेवता येतात, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६मध्ये मान्य केलं. पुढच्या दहा वर्षांत दक्षिणेतल्या २५हून अधिक शहरांत ट्रामवर बहिष्कार पडले. माँटगोमेरीत १९००च्या बहिष्कारातून एक कलम पदरात पडलं: दुसरी जागा रिकामी नसेल तर बसलेल्याला उठवता येणार नाही. कलम कागदावर राहिलं, ड्रायव्हरांनी ते पाळलं नाही. १९५५च्या खटल्यात मात्र त्याची अडचण झाली. बस भरलेली होती, उठून बसायला जागाच नव्हती. तेव्हा सरकारी वकिलाने शहराचा नियम सोडून राज्याचा कायदा पुढे केला. दंड १० डॉलर, खर्च ४ डॉलर.

खरा गुंता मागण्यांचा आहे. ५ डिसेंबरला माँटगोमेरीतल्या कृष्णवर्णीयांचा बसवर बहिष्कार सुरू झाला तेव्हा वर्णभेद संपवा, अशी मागणीच नव्हती. सौजन्याची वागणूक, कृष्णवर्णीय वस्त्यांच्या मार्गांवर कृष्णवर्णीय ड्रायव्हर, आणि ‘पहिला येईल तो बसेल’. तेही गोऱ्यांनी पुढून आणि काळ्यांनी मागून भरत यायचं, एवढंच. हद्द राहील, पण बसलेल्याला उठवायचं नाही. अलाबामातल्याच मोबाईल शहरात हीच पद्धत चालू होती, त्यामुळे राज्याचा कायदा आड येतो हे उत्तर तकलादू होतं. काही पाठीराख्यांना ही मागणी फार मिळमिळीत वाटली. पण ती नाकारून नगरपालिकेने स्वतःचंच नुकसान केलं. १ फेब्रुवारी १९५६ला फेडरल (केंद्राच्या) न्यायालयात दावा दाखल झाला, तो थेट वर्णभेदाच्या वैधतेवर. डिसेंबरच्या अटकेचं अपील राज्याच्या न्यायालयांत रखडेल, म्हणून ते प्रकरण मुद्दाम बाजूला ठेवलं.

‘बहिष्कार’ हा शब्दही नेते टाळत. एक तर वर्णभेदाचे समर्थक तेच हत्यार वापरत, शिवाय १९२१चा राज्य कायदा रास्त कारणाशिवाय धंद्यात संगनमताने अडथळा आणणं गुन्हा ठरवी. त्याखाली फेब्रुवारीत ८९ जणांवर आरोप ठेवले गेले. (मराठीत या शब्दाला गावाने वाळीत टाकल्याचा वास आहे. इथे वाळीत पडली ती बस.)

३८१ दिवस लोकांना कामावर पोहोचवायचं कसं? सुरुवातीला कृष्णवर्णीय टॅक्सीवाले बसच्याच भाड्यात, १० सेंटमध्ये नेत. शहराने किमान ४५ सेंटचा नियम दाखवून ते बंद पाडलं. मग सुमारे ३०० खासगी मोटारी, ठरलेले थांबे, आणि चर्चच्या नावावर घेतलेल्या स्टेशन वॅगन. या गाड्यांचे विमे रद्द होऊ लागले, तेव्हा नवा विमा लंडनहून काढावा लागला. बस कंपनीचे सुमारे तीन चतुर्थांश प्रवासी कृष्णवर्णीय होते. जानेवारीत भाडं १५ सेंट झालं, तरी खड्डा भरला नाही.

शेवटी शहराने मोटारसेवेविरुद्ध मनाईहुकूम मागितला. सुनावणी १३ नोव्हेंबरला होती आणि त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा, फेब्रुवारीतल्या त्या दाव्यातला खालच्या न्यायालयाचा निकाल कायम केला. शहराला मनाई मिळाली, मोटारसेवा थांबली, आणि सर्वोच्च न्यायालयाचा लेखी आदेश २० डिसेंबरला येईपर्यंत लोक पायी चालले. २१ला ते पुढच्या जागांवर बसले. काही दिवसांतच बसवर गोळ्या झाडल्या गेल्या.

आंतरराज्य बसचा प्रश्न वेगळा. तिथे वर्णभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचा १९४६चा निकाल होता, अंमल नव्हता. मे १९६१मध्ये गोरे आणि कृष्णवर्णीय एकत्र बसलेली बस अलाबामातल्या ॲनिस्टनजवळ पेटवली गेली. सप्टेंबरमध्ये केंद्रीय नियामकाने आदेश काढला: १ नोव्हेंबरपासून प्रत्येक आंतरराज्य बसमध्ये, वर्ण न पाहता बसावं, अशी पाटी लावायची.