ॲम्पविना गिटार: घरगुती ध्वनिमुद्रणाची पार्श्वभूमी

इलेक्ट्रिक गिटार थेट संगणकाला जोडून वाजवली की पहिल्यांदा ऐकणाऱ्याची बहुधा निराशाच होते. आवाज पातळ, कोरडा आणि निर्जीव येतो, आणि वादकाला आपले वाद्य किंवा आपला हात बिघडला आहे असे वाटू लागते. बिघाड मात्र काहीच नसतो. ज्याला आपण इलेक्ट्रिक गिटारचा आवाज म्हणतो, त्याचा मोठा हिस्सा गिटारमध्ये नसतोच. तारांच्या कंपनामुळे पिकअपच्या, म्हणजे तारांखालच्या चुंबकाच्या, वेटोळ्यात अत्यंत क्षीण विद्युतसंकेत तयार होतो. व्हॉल्व्हचा, म्हणजे निर्वात नळ्यांचा, ॲम्प्लिफायर (ॲम्प) त्याला वाढवताना त्यात विकृती मिसळतो, ती कानाला गोड लागते. आणि शेवटी 12 इंची स्पीकर साधारण 5,000 हर्ट्‌झच्या वरचा बराचसा भाग गाळून टाकतो. म्हणून घरगुती ध्वनिमुद्रणाचा इतिहास पाहताना गिटारपेक्षा ॲम्पच्या मागे जाणे अधिक उपयोगाचे ठरते.

घरात गिटार मुद्रित करण्याची कल्पना संगणकाहून कितीतरी जुनी आहे. अमेरिकन वादक लेस पॉल यांनी हॉलिवूडमधील आपल्या घराच्या गॅरेजात ध्वनिमुद्रणाची सामग्री उभारली होती आणि 1948 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका तबकडीत गिटारचे आठ थर होते, ते सर्व त्यांनी एकट्याने वाजवलेले. एक तबकडी वाजत असताना तिच्या साथीने नवा भाग वाजवायचा आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर कोरायचे, अशी ती पद्धत होती. पुढे टेप आली तेव्हा त्यांनी यंत्राला टेप वाचणारे एक जादा हेड बसवून तेच काम टेपवर सुरू केले, परंतु नवा थर चढवताना जुने मुद्रण पुसून दोन्ही मिळून नव्याने उमटत, त्यामुळे दहाव्या थरात चूक झाली तर सुरुवातीपासून पुन्हा वाजवावे लागे. आज संगणकावर एका कळीने चूक मागे घेणाऱ्याने ही शिस्त एकदा तरी कल्पनेत आणून पाहावी. प्रत्येक भाग स्वतंत्र ठेवता येईल असे आठ ट्रॅकचे टेपयंत्र त्यांना अँपेक्स कंपनीकडून 1957 साली मिळाले.

त्यानंतरची अडचण आवाजाच्या मोठेपणाची होती. 1960 च्या दशकात मार्शलसारख्या कंपन्यांनी 100 वॉटचे ॲम्प बनवले आणि रॉक संगीताचा जो भरदार, फाटका स्वर लोकांच्या कानात बसला, तो असे ॲम्प जवळजवळ पूर्ण आवाजात चालवल्याखेरीज निघत नसे. अशा स्पीकरच्या कापडाला खेटून शुअर कंपनीचा, 1965 साली आलेला एसएम57 माइक लावणे ही स्टुडिओतील रूढ पद्धत झाली आणि ती आजही टिकून आहे. पण भिंतीला भिंत लागून असलेल्या सदनिकेत, मग ती न्यूयॉर्कची असो वा दादरची, हा मार्ग बंदच होता.

या कोंडीवर ज्यांनी सर्वाधिक डोके चालवले त्यांत टॉम शोल्झ यांचे नाव मला पहिले घ्यावेसे वाटते. एमआयटीत शिकलेले आणि पोलरॉइड कंपनीत नोकरी करणारे हे अभियंते रात्री घराच्या तळघरात ध्वनिमुद्रण करीत, आणि त्यांच्या ‘बॉस्टन’ या बँडचा 1976 चा पहिला अल्बम बव्हंशी त्या तळघरातच तयार झाला. त्यांनी प्रथम ॲम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये बसवून जादा शक्ती शोषून घेणारे उपकरण बनवले आणि 1982 साली रॉकमन नावाची हेडफोनवर चालणारी छोटी पेटी बाजारात आणली, जिच्यात ॲम्प आणि स्पीकर या दोहोंची नक्कल इलेक्ट्रॉनिक भागांनी केलेली होती. गिटार मुद्रित करायला हवेत आवाज निघण्याची गरज नाही, हा विचार येथे पहिल्यांदा सामान्य वादकाच्या हातात आला. त्याच सुमारास, 1979 पासून, टिॲकच्या पोर्टास्टुडिओमुळे साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेण्याचीही सोय झाली होती.

संगणक या गोष्टीत उशिराच आला. 1985 चा अटारी एसटी हा संगणक मिडीचे, म्हणजे वाद्यांना दिलेल्या सूचनांच्या रूपातले, सूर क्रमाने लावण्यात तरबेज होता, परंतु खऱ्या आवाजाचे अनेक ट्रॅक पेलणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. 1991 साली आलेल्या प्रो टूल्स या ध्वनिमुद्रणाच्या यंत्रणेने ते साधले, पण त्याला स्वतंत्र महागडी कार्डे लागत. घरगुती वादकाच्या दृष्टीने खरे वळण आले ते 1996 साली, जेव्हा स्टाइनबर्ग कंपनीने क्यूबेस या आपल्या सॉफ्टवेअरमध्ये व्हीएसटी ही प्लगइनची, म्हणजे आत जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमची, पद्धत आणली आणि इफेक्टचे काम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवरच होऊ लागले.

तरीही विलंबाचा, म्हणजे लेटन्सीचा प्रश्न होताच. संगणक आवाज तुकड्यातुकड्याने हाताळतो. सेकंदाला 44,100 नमुने घेताना तुकडा 1,024 नमुन्यांचा असेल तर एका फेरीतच सुमारे 23 मिलिसेकंद जातात, आणि आत येताना व बाहेर जाताना असे दोनदा. तार छेडल्यावर स्वर रेंगाळत कानी आला की हात आपोआप अडखळतो. स्टाइनबर्गच्याच एएसआयओ ड्रायव्हरने विंडोजच्या लांबलचक ध्वनिमार्गाला बगल दिली आणि पुढे प्रोसेसर वेगवान झाल्यावर तुकडा 128 नमुन्यांपर्यंत, म्हणजे सुमारे 3 मिलिसेकंदांपर्यंत आणणे शक्य झाले. तीन मीटरवरच्या ॲम्पचा आवाज कानापर्यंत यायलाही जवळपास 9 मिलिसेकंद लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे ही मजल किती मोठी होती ते कळते.

दरम्यान लाइन 6 कंपनीने 1998 साली प्रो टूल्ससाठी ॲम्प फार्म हे प्लगइन आणि पॉड ही लाल रंगाची, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची पेटी आणली. जुन्या नामांकित ॲम्पच्या सर्किटचे वर्तन गणिताने उतरवण्याचा हा प्रयत्न होता. आज त्या नकला ऐकताना उणिवा जाणवतात, आणि माझ्या मते त्यांतील बऱ्याच स्पीकरच्या बाजूच्या होत्या. पुढे खऱ्या कॅबिनेटचा, म्हणजे स्पीकरच्या पेटीचा, प्रतिसाद मोजून तो फाइलच्या रूपाने वापरण्याची, म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्सची पद्धत हौशी वादकांत पसरली, तेव्हा त्याच नकला अचानक जिवंत वाटू लागल्या.

जोडणीची बाजूही तोवर सुधारली. गिटारच्या पिकअपला सुमारे 1 मेगाओहम विद्युतरोधाचे इनपुट लागते. साउंडकार्डाच्या काही हजार ओहमच्या इनपुटात तिचे उंच स्वर मरून जात. यूएसबीवर चालणाऱ्या ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे गिटार वा माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीत, 2002 च्या एमबॉक्सपासून 2011 च्या स्कार्लेटपर्यंत, गिटारसाठी योग्य इनपुट मिळाले. आपल्याकडे मात्र त्याबरोबर 50 हर्ट्‌झची घरघरही येते, कारण अनेक लॅपटॉपच्या अडॅप्टरला अर्थिंगची पिनच नसते आणि ॲम्पची नक्कल ती घरघर गिटारबरोबरच वाढवते. सत्तर ट्रॅक मिसळण्यापूर्वी घरातले अर्थिंग तपासून घेणे मी केव्हाही अधिक महत्त्वाचे मानतो.

सर्किटचे गणित मांडण्याऐवजी खऱ्या ॲम्पमध्ये चाचणीचे ध्वनी सोडून त्याचे वर्तन टिपण्याचा मार्ग 2011 साली केंपरच्या यंत्राने लोकप्रिय केला. आता न्यूरल ॲम्प मॉडेलर हे मुक्त सॉफ्टवेअर तेच काम न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रॅमला, शिकवून करते, आणि लोक आपापल्या ॲम्पच्या अशा फाइली एकमेकांना विनामूल्य देतात. त्यामुळे ज्यांनी वीस वर्षांपूर्वी गिटारचा तो पातळ, कोरडा संकेत प्रक्रिया न करता जपून ठेवला होता, त्यांना तेच वादन आज एखाद्या खऱ्या ॲम्पच्या टिपलेल्या स्वरातून पुन्हा काढता येते. ज्यांनी त्या वेळच्या नकलेसकट मुद्रित केले, त्यांच्याकडे ती नक्कल कायमची उरली आहे.