शेताचा आणा, घराचा फाळा

बेळगावच्या आसपास कुठल्याही गावात ग्रामसभा भरली की एक प्रश्न हमखास उठतो. एवढा घरफाळा, म्हणजे घरपट्टी भरतो, मग शिवाराकडची वाट का होत नाही? पीडीओंचं, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांचं, उत्तरही ठरलेलं : उद्योग खात्रीत, म्हणजे रोजगार हमीत धरू. पंचायतीच्या स्वतःच्या पैशात ती वाट का बसत नाही, हे समजायला बरंच मागं जावं लागतं.

विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांनी 1836 च्या सुमारास इंदापुरात बसवलेली मोजणीची पद्धत पुढं आपल्या जिल्ह्यातही आली. सर्व्हे नंबर पडले, हद्दीचे दगड रोवले गेले आणि रानांची प्रतबंदी झाली. सोळा आण्यांचं रान सगळ्यांत वर, तिथून उतरत दोन आण्यांपर्यंत नऊ प्रती. त्यावर शेतसारा ठरला, तोही तीस वर्षांसाठी. शहापूर मात्र 1948 पर्यंत सांगली संस्थानात होतं, त्यामुळं बेळगावला अगदी लागून असूनही तिथला कारभार निराळा.

खरी महत्त्वाची गोष्ट 1863 ची. साऱ्याच्या रुपयामागं एक आणा जास्तीचा घ्यायचा आणि तो लोकल फंडात टाकायचा, असं ठरलं. त्यातले दोन हिस्से रस्त्यांना, एक शाळांना. 1869 च्या कायद्यानं त्याला पक्कं रूप दिलं आणि 1884 नंतर तो पैसा लोकल बोर्डांच्या हाती आला. बोर्डांवर कलेक्टरचा वरचष्मा होता आणि सारा डोईजड होता, हे खरंच. तरी रानातून निघालेला आणा रानाकडच्या रस्त्याला लागावा, हा हिशेब कागदावर तरी होता. आज तोच सापडत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

1 नोव्हेंबर 1956 ला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेला. चंदगड तालुका तेवढा कोल्हापूरला जोडला गेला. मग कायदे बदलत गेले : 1959 चा ग्रामपंचायतींचा, 1964 चा जमीन महसुलाचा, 1983 चा मंडल पंचायतींचा आणि शेवटी 1993 चा पंचायत राज. आज चालतो तो हाच. त्यात ग्रामपंचायतीला कर बसवता येतो तो इमारतींवर आणि शेतसारा लागू नसलेल्या जमिनींवर. पिकाखालची जमीन त्यातून बाहेर.

शेतकऱ्यावर दुसरा बोजा नको, हा त्यामागचा विचार रास्तच आहे. पण परिणाम बघा. शिवार राखणाऱ्या गावाच्या पंचायतीकडं जमा होतो तो जुन्या कौलारू घरांचा थोडासा फाळा. शहराला लागून असलेल्या गावात रानाचे एनए प्लॉट पडले, बंगले उठले की जमेची बाजू फुगते. घरफाळ्याच्या पावतीवर ग्रंथालयाचा 6 टक्के आणि भिक्षुक निवारणाचा 3 टक्के उपकरही असतो. तो पंचायतीनं गोळा करायचा आणि पुढं पाठवायचा. शेतीसाठी असा एकही रकाना त्या पावतीवर नाही.

शेतीची मदत येते बेंगळूरहून. 2011 मध्ये राज्यानं शेतीचा वेगळा अर्थसंकल्प मांडला. कृषी पत्तीन संघांतून, म्हणजे शेतीच्या सहकारी पतसंस्थांतून मिळणाऱ्या बिनव्याजी पीक कर्जाची मर्यादा 2023-24 च्या अर्थसंकल्पात 3 लाखांवरून 5 लाखांवर नेली. बियाणं, अवजारं कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातून. यातल्या बहुतेक ठिकाणी पहिला कागद मागतात तो उतारा, आणि तो कन्नडमध्ये. आमच्या उताऱ्यावर आजोबांचं नागोजी हे नाव नागप्पा असं चढलं होतं. आधारवर नागोजीच. ही एक ओळ दुरुस्त व्हायला वडिलांचे दोन हंगाम गेले आणि तेवढ्यात एका वर्षाचं अनुदान हुकलं. आमच्याकडं उतारा मराठीतही मिळावा अशी मागणी होते, तिच्यामागं भाषेच्या अभिमानाइतकीच ही रोजची अडचण आहे.

येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात बासमती पिकतो. लोंब्या भरल्या की बांधावरसुद्धा वास येतो. त्या भाताच्या वाफ्यातून पंचायतीच्या वहीत घरफाळ्याचा एक रुपयाही चढत नाही. तोच नंबर बिगरशेती झाला, त्यावर पाया खोदला, की चढतो.