ते पिल्लू नाही, घरउंदीर आहे

“एवढंसं पिल्लू दिसलंय, म्हणजे मोठा कुठेतरी लपला असणार.” आम्हाला येणारे बरेच फोन असे असतात. पुष्कळदा तो पूर्ण वाढलेला घरउंदीर निघतो. वजन जेमतेम १२ ते २५ ग्रॅम. गटारातल्या मोठ्या उंदराच्या पिल्लाचं डोकं आणि पाय अंगाच्या मानाने थोराड दिसतात. घरउंदराचे पाय नाजूक, कान मोठे, शेपूट जवळपास अंगाइतकी लांब. दिसलाच नाही तर ओट्याखाली लेंड्या शोधा: जिऱ्याएवढ्या, टोकदार.

हा फरक कळला की सापळा कुठे लावायचा तेही कळतं. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, चार-चार दिवस पिंजऱ्याकडे फिरकत नाही. घरउंदीर उलट चौकस, पहिल्याच रात्री हुंगायला येतो. मात्र त्याचा वावर काही मीटरांपुरताच असतो आणि खाणं दिवसाला सुमारे ३ ग्रॅम, तेही दहा ठिकाणी कुरतडून. त्यामुळे स्वयंपाकघराच्या मधोमध एक मोठा पिंजरा ठेवून काही होत नाही. त्याच्या गजांमधून हा सरळ निसटतो. लहान सापळे भिंतीला लागून, दोन-दोन मीटरवर लावा. आमिष म्हणून गुळात मळलेला शेंगदाण्याचा कूट उत्तम. बोंबील चालतो, पण मूळचा हा दाणे खाणारा.

पाणी तोडून तो जात नाही, खाण्यातल्या ओलाव्यावर त्याचं बऱ्यापैकी भागतं. मादी सुमारे तीन आठवड्यांत विते, एका वेळी साधारण पाच ते आठ पिल्लं. ती दीड-दोन महिन्यांत स्वतः वीण घालू लागतात. म्हणून “बघू पावसाळ्यानंतर” म्हणू नका.

गॅसच्या आणि एसीच्या पाइपांभोवतीची भोकं, सिंकखालची फट, दाराखालची जागा तपासा. ६ मिमीची फटही त्याला पुरते. नुसता फोम भरू नका. दात जन्मभर वाढत असल्याने तो कुरतडतच राहतो. बारीक तारेची जाळी आणि सिमेंट लागतं. आवाज काढणाऱ्या यंत्रांना उंदीर सरावतात, आम्ही ती विकत नाही. घरात विषही टाकत नाही: रक्त न गोठू देणाऱ्या विषाने उंदीर काही दिवसांनी मरतो, बहुधा फॉल्स सीलिंगमध्ये, आणि मग वासाचा फोन आम्हालाच येतो.

लांब नाकाची, चिकचिक करत भिंतीकडेने पळणारी चिचुंद्री असेल तर ती उंदरांपैकी नाही. ती झुरळं खाते. रात्री दार जरा उघडं ठेवा. त्यासाठी आम्हाला पैसे देऊ नका.