खाद्यगृहांची आरोग्य तपासणी (महाराष्ट्र)

हॉटेल, खानावळ, मिठाईचे दुकान, केटररचा भटारखाना, चहाची टपरी अशा ठिकाणी अन्न कसे शिजवले, साठवले आणि वाढले जाते, याची सरकारी अधिकाऱ्यांनी केलेली पाहणी. महाराष्ट्रात हे काम दोन यंत्रणांकडे आहे. राज्याचे अन्न व औषध प्रशासन (एफडीए) अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 खाली तपासणी करते. महापालिकांचे आरोग्य विभाग स्वतंत्र परवाने देतात. मुंबईत त्याला 1888 च्या महापालिका अधिनियमातील कलम 394 चा आधार आहे. गल्ल्यामागे फ्रेम केलेल्या परवान्यांची रांग लागते ती म्हणूनच.

1954 च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याचा सगळा रोख भेसळीवर होता. 5 ऑगस्ट 2011 पासून त्याची जागा 2006 च्या नव्या कायद्याने घेतली आणि स्वच्छतेच्या अटी परवान्यालाच जोडल्या गेल्या. या अटी परवाना व नोंदणी नियमांच्या अनुसूची 4 मध्ये आहेत: पिण्यायोग्य पाणी, सांडपाण्याचा निचरा, उंदीर-झुरळांचा बंदोबस्त, कच्चे आणि शिजलेले अन्न वेगळे ठेवणे, कामगारांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी. गरम अन्न किमान 60 अंश सेल्सियसला आणि थंड अन्न 5 अंशांच्या आत ठेवावे लागते, कारण मधल्या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात. दुपारी केलेली बटाट्याची भाजी संध्याकाळच्या वड्यांसाठी ओट्यावरच राहिली, तर धोका तिथे असतो. स्टॅफिलोकॉकस जिवाणूंचे विष पुन्हा तापवूनही जात नाही. तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणाऱ्या घटकांचे) प्रमाण 25 टक्क्यांवर गेले की ते तेल वापरता येत नाही; ही मर्यादा 1 जुलै 2018 पासून आहे. त्याच वर्षी राज्यात अखाद्य बर्फ निळा करण्याची सक्ती झाली. मासळी किंवा माल गार ठेवायचा बर्फ सरबतात जाऊ नये, यासाठी इतका साधा आणि ग्राहकालाही ओळखता येणारा उपाय दुसरा नसेल.

त्रुटी आढळल्यास सुधारणा नोटीस दिली जाते. तिची मुदत किमान 14 दिवसांची असते आणि तोवर गिऱ्हाईक तिथेच जेवत असते. अस्वच्छ जागेत अन्न तयार केल्यास कलम 56 नुसार 1 लाख रुपयांपर्यंत दंड होतो. तातडीचा धोका असेल तर अन्न सुरक्षा आयुक्त व्यवसाय थांबवू शकतात.

अन्नाचा नमुना घेतल्यास त्याचे चार भाग करतात आणि अन्न विश्लेषकाने 14 दिवसांत अहवाल देणे अपेक्षित असते. तो अहवाल खव्याविषयी, तुपाविषयी सांगतो. मोरीविषयी काही सांगत नाही. ती डोळ्यांनीच पाहावी लागते. तरीही दिवाळीच्या तोंडावर गाजतात त्या मोहिमा मुख्यतः भेसळीच्या, आणि भटारखाना मागे पडतो. केंद्रीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची (एफएसएसएआय) 1 ते 5 गुणांची स्वच्छता मानांकन योजना हीच उणीव भरून काढू शकली असती. पण ती ऐच्छिक आहे, त्यामुळे कमी गुण मिळण्याची भीती असलेला मालक तिच्या वाटेला सहसा जात नाही.