बॅरिस्टरांची चेंबर्स (लंडन)

चेंबर्स म्हणजे इंग्लंडमधल्या बॅरिस्टर लोकांचं, म्हणजे कोर्टात उभं राहून बाजू मांडणाऱ्या वकिलांचं, एकत्र ऑफिस, पण ती कंपनी नाही, फर्म नाही आणि पार्टनरशिपही नाही, आणि आपल्याकडे बहुतेकांचा गोंधळ होतो तो इथेच. जुन्या वाड्यात पाच-सहा बिऱ्हाडं असायची, दिंडी दरवाजा एक, विहीर एक, पण चूल प्रत्येकाची वेगळी, तसं समजा. जागेचं भाडं, लायब्ररी, स्टाफचा पगार हे सगळे मिळून भरतात, त्यासाठी प्रत्येक जण आपल्या कमाईतला ठरलेला हिस्सा देतो, बाकीची फी ज्याची त्याची. नफा वाटून घ्यायचा प्रश्नच नाही. तिथले लोक चेंबर्सला नुसतं 'सेट' म्हणतात आणि कायमच्या मेंबरला 'टेनंट', म्हणजे शब्दशः भाडेकरूच. इंग्लंड आणि वेल्समधे प्रॅक्टिस करणारे बॅरिस्टर साधारण १७-१८ हजार, त्यातले पाचातले चार तरी असे स्वतंत्र धंदा करणारे.

चूल वेगळी असल्याचा एक परिणाम बाहेरच्याला विचित्र वाटतो. एकाच सेटमधले दोन बॅरिस्टर एकाच केसमधे समोरासमोर उभे राहू शकतात आणि राहतातही. विजय मल्ल्याच्या प्रत्यार्पणाची केस आठवत असेल, जिच्यात कोर्टाने आर्थर रोड जेलच्या बराक नंबर १२ चा व्हिडिओ मागवला होता. त्यात मल्ल्याच्या बाजूने क्लेअर माँटगोमेरी आणि भारत सरकारची बाजू मांडणाऱ्या क्राउन प्रॉसिक्यूशन सर्व्हिसकडून मार्क समर्स, आणि हे दोघंही मेट्रिक्स चेंबर्सचे! १० डिसेंबर २०१८ ला निकाल भारताच्या बाजूने लागला. २०१९ मधे पार्लमेंट तहकूब करण्यावरून बोरिस जॉन्सनच्या सरकारविरुद्ध जीना मिलर सुप्रीम कोर्टात गेल्या तेव्हाही तेच, त्यांच्याकडून डेव्हिड पॅनिक, सरकारकडून जेम्स ईडी, दोघंही ब्लॅकस्टोन चेंबर्सचे. ११ च्या ११ जजेसनी सरकारविरुद्ध निकाल दिला. अशा वेळी एकाचे कागद दुसऱ्याच्या नजरेला पडू नयेत म्हणून सेटमधे कडक बंदोबस्त ठेवावा लागतो, हे ओघानेच आलं.

याला जोडून 'कॅब रँक रूल' येतो. स्टँडवरच्या टॅक्सीने पहिलं गिऱ्हाईक नाकारायचं नाही, तसं बॅरिस्टर मोकळा असेल, काम त्याच्या विषयातलं असेल आणि फी रास्त मिळत असेल तर पक्षकार आवडत नाही म्हणून केस टाळायची नाही. (आपल्याकडच्या रिक्षास्टँडचा अनुभव इथे लावू नये.) म्हणून अमका बॅरिस्टर अमक्या बदनाम माणसासाठी उभा राहिला यावरून त्याची मतं ठरवणं चुकीचं आहे.

सेटचं नाव कमावण्यात आणि गमावण्यात मोठा हात असतो तो क्लार्क मंडळींचा. क्लार्क म्हणजे कारकून असं इथे समजू नका. कुठलं काम कोणाला द्यायचं, फी किती सांगायची, नवख्याला कुठल्या छोट्या केसवर पाठवायचं, सॉलिसिटरशी (म्हणजे पक्षकाराचं काम घेऊन ते बॅरिस्टरकडे आणणाऱ्या वकिलाशी) संबंध कसे टिकवायचे हे सगळं सीनियर क्लार्कच्या हातात. सॉलिसिटर फोन करतो एका नावासाठी, ते नाव बिझी असतं, मग क्लार्क सांगतो की आमच्याकडे दुसऱ्या एक आहेत, ह्याच विषयातल्या, आणि अशा फोनवरच कितीतरी करिअर उभी राहिली आहेत. पूर्वी क्लार्कला फीवर टक्केवारीने कमिशन असायचं, आता बऱ्याच ठिकाणी पगार अधिक बोनस असं झालंय. कॉलेजचं तोंड न पाहिलेला सीनियर क्लार्क ऑक्सफर्डवाल्या बॅरिस्टरची डायरी चालवतोय हे दृश्य तिथे अजिबात नवं नव्हतं.

नावांची वेगळीच गंमत आहे. चेंबर्सना नाव पडायचं ते पत्त्यावरून, लंडनच्या टेंपल किंवा लिंकन्स इन या वकिली भागातलं अंगण आणि घर नंबर. नंतर जागा पुरेना, बिऱ्हाडं हलली, पण नावाची पुण्याई सोडवेना. त्यामुळे आज ब्रिक कोर्ट चेंबर्स आहे एसेक्स स्ट्रीटवर, एसेक्स कोर्ट चेंबर्स आहे लिंकन्स इन फील्ड्सला, आणि वन एसेक्स कोर्ट हा आणखी तिसराच सेट. नवीन माणूस चुकणारच. २००० साली शेरी बूथ (पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या पत्नी) वगैरे मंडळींनी मेट्रिक्स काढलं तेव्हा पत्त्याची भानगडच ठेवली नाही.

आता कोण कशासाठी ओळखलं जातं ते. कमर्शियल कामात ब्लॅकस्टोन, ब्रिक कोर्ट, एसेक्स कोर्ट, फाउंटन कोर्ट आणि वन एसेक्स कोर्ट या पाचांना मिळून 'मॅजिक सर्कल' म्हणतात. बँकांचे, तेलाचे, जगभरच्या अब्जाधीशांचे तंटे इथे येतात. बेरेझोव्स्की विरुद्ध अब्रामोविच ही २०१२ मधे निकाल लागलेली प्रचंड केस घ्या, दोन रशियन धनिक, भांडण लंडनच्या कोर्टात, अब्रामोविचकडून ब्रिक कोर्टचे जोनाथन सम्प्शन, बेरेझोव्स्कीकडून वन एसेक्स कोर्टचे लॉरेन्स राबिनोविट्झ. सम्प्शन जिंकले आणि सुप्रीम कोर्टाचे जजही झाले. आपले नागपूरचे हरीश साळवेही ब्लॅकस्टोनचे मेंबर, २०२० मधे त्यांना क्वीन्स कौन्सेल (क्यूसी), म्हणजे मानाचे सीनियर बॅरिस्टर, केलं गेलं. हा किताब मिळाला की 'सिल्क' मिळालं म्हणतात, कारण गाऊन रेशमी होतो, आणि राणी गेल्यावर सप्टेंबर २०२२ मधे एका दिवसात सगळे क्यूसी केसी, म्हणजे किंग्ज कौन्सेल, झाले.

बाकी विषय थोडक्यात. जहाज आणि इन्शुरन्ससाठी सेव्हन किंग्ज बेंच वॉक, बांधकामाच्या वादांसाठी कीटिंग आणि ॲटकिन, टॅक्ससाठी पंप कोर्ट टॅक्स चेंबर्स, पेटंटसाठी एट न्यू स्क्वेअर, जमीन आणि प्लॅनिंगसाठी लँडमार्क, श्रीमंतांच्या घटस्फोटांसाठी वन हेअर कोर्ट, ट्रस्ट-इस्टेटच्या कामात विल्बरफोर्स. मानवी हक्कांत मेट्रिक्स आणि १९९० मधे सुरू झालेलं डाउटी स्ट्रीट, कीर स्टार्मर पंतप्रधान होण्याच्या कितीतरी आधी तिथे होते.

रँकिंग देणाऱ्या दोन गाइड सगळे बघतात, लीगल ५०० आणि चेंबर्स अँड पार्टनर्स. यातल्या दुसऱ्या नावाचा बॅरिस्टरांच्या चेंबर्सशी संबंध नाही, काढणाऱ्या गृहस्थाचं आडनावच चेंबर्स! बँड वन, बँड टू अशी उतरंड असते आणि सेटच्या वेबसाइटवर ती मिरवली जाते. माझ्या मते सेटचा बँड बघण्यात फार अर्थ नाही, चार मोठी नावं दुसरीकडे गेली की मागे पाटी तेवढी राहते, आणि सॉलिसिटर ब्रीफ, म्हणजे केसचं काम, देतो ते माणसाला, पाटीला नाही.

नाव आणि पैसा मात्र बरोबर चालतातच असं नाही. नव्या मुलांना एक वर्षाची 'प्युपिलेज' करावी लागते, पहिले सहा महिने नुसतं मागे बसायचं, पुढचे सहा स्वतः उभं राहायचं. वरच्या कमर्शियल सेटमधे त्या वर्षाचे ७५ हजार पाउंडांच्या वर मिळतात, आणि क्रिमिनल सेटमधे बऱ्याचदा ठरलेल्या किमान रकमेच्या आसपासच. क्रिमिनल काम चालतं ते मुख्यतः सरकारी लीगल एडवर, म्हणजे ऐपत नसलेल्या पक्षकारासाठी सरकार भरतं त्या फीवर, आणि ती फी इतकी घसरली की २०२२ मधे क्रिमिनल बॅरिस्टरांनी चक्क संप केला, ऑक्टोबरमधे १५ टक्के वाढीवर तो मिटला. त्याआधी २०१३ मधे मायकल मॅन्सफील्ड यांचं टुक्स चेंबर्स, नाव केवढं मोठं, लीगल एडच्या कपातीमुळे बंद झालं.

आणखी एक गल्लत आपल्याकडे कायम होते, 'इन' आणि चेंबर्स एकच समजायची. ग्रेज इन, लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल या चार संस्था बॅरिस्टर ही पदवी देतात, धंदा होतो तो चेंबर्समधे. गांधीजी इनर टेंपलचे, डॉ. आंबेडकर ग्रेज इनचे, पण प्रॅक्टिस त्यांनी तिथल्या सेटमधे केली नाही. बाबासाहेबांनी वकिली सुरू केली ती १९२३ मधे मुंबईत. सावरकरही ग्रेज इनमधेच शिकले, पण त्यांना बॅरिस्टर करायला इनने नकार दिला.

मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडवर, म्हणजे जिथे दावे थेट हायकोर्टातच दाखल होतात तिथे, लंडनची ही पद्धत बरीचशी उतरली, सॉलिसिटरने ब्रीफ द्यायचं, कौन्सेलने कोर्टात उभं राहायचं. इथे चेंबर म्हणजे एका सीनियरची खोली आणि त्याच्या हाताखाली घडणारे ज्युनियर. जमशेदजी कांगांच्या चेंबरमधून सीरवई, पालखीवाला, फली नरिमन आणि सोली सोराबजी असे चौघं बाहेर पडले, एवढं बघितलं तरी त्या खोलीचं वजन कळतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमाने वकिलाला जाहिरात करता येत नाही, त्यामुळे इथे बँड वन वगैरे मिरवायची सोय नाही. कोण कशात चांगलं आहे हे फोर्टमधल्या सॉलिसिटरांना तोंडपाठ असतं.