देवचार डावीकडेच का ओढतो?

पणजीसमोर, मांडवीपलीकडच्या बेतीच्या जेटीवर एक म्हातारे मच्छीमार बसलेले असतात. जाळं शिवता शिवता येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक होडीवर शेरा मारणं हा त्यांचा जोडधंदा. मे महिन्यात माझी भाची तिथे रिव्हर्सचा सराव करत होती. सलग तिसऱ्यांदा होडीची पिछाडी भलतीकडे गेली, तेव्हा त्यांनी हातातली सुईसुद्धा खाली न ठेवता निकाल दिला, "हांगा देवचार ओडटा गो. ताका कितेंय दी."

कितेंय म्हणजे काहीतरी, एक विडी आणि घोटभर सोरो, म्हणजे दारू. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, देवचार म्हणजे गावाच्या सीमेवरचा राखणदार. रात्री काठी आपटत फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो, आणि मान राखला नाही तर खोडी काढतो. माझा त्याच्यावर राग नाही. पण हा देवचार नेहमी डावीकडेच ओढतो, हे मला खटकलं.

भाचीने बारावीची परीक्षा दिली आहे आणि पावसाळ्यानंतर तिला पॉवरबोट हाताळणीच्या स्पर्धेत उतरायचं आहे. हे ऐकलं की लोक विचारतात, "किती स्पीडने पळवते?" इथेच गाडी चुकते. हाताळणीच्या स्पर्धेत बोयांच्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांच्या, मधून नागमोडी जायचं असतं, ठरल्या जागी थांबायचं असतं, मागे यायचं असतं, जेटीला अंग न घासता लागायचं असतं. मोटरबोटींच्या शर्यतींची जागतिक संघटना, म्हणजे मोनॅकोतली यूआयएम, मुलांसाठी 'फॉर्म्युला फ्युचर' नावाचा प्रकार चालवते. त्यातही हवा भरलेल्या लहान होड्या बोयांमधून वळवत न्यायच्या असतात. इन्स्टाग्रामवर लाटांवरून उडणाऱ्या बोटी आणि त्यांच्या हॉर्सपॉवरचे आकडे दिसतात. थ्रॉटल ढकलायला अक्कल लागत नाही, म्हणून त्या आकड्यांचं मला फारसं कौतुक नाही. त्याच बोटी जेटीला लागताना कोणी दाखवत नाही.

तर देवचार. मी हायर सेकंडरीत फिजिक्स शिकवतो. भाचीला म्हटलं, ओढ जेटीची असेल तर जेटी जागची हलत नाही. तू तोंड फिरवून बघ. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, पणजीकडे असताना होडी तुझ्या डाव्या हाताला जात असेल, तर उलट उभी राहिल्यावर ती तुझ्या उजव्या हाताला जायला हवी. "आणि प्रवाह असला तर?" तिने विचारलं. बरोबर शंका. मांडवीत दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा सुकती, त्यामुळे पाणी जवळजवळ सतत कुठेतरी निघालेलं असतं. पणजीहून बेतीला येणारी फेरीबोट तिरकं तोंड करून सरळ येते, ते ह्याचसाठी. म्हणून भरती संपून पाणी थबकतं तेवढी वेळ आम्ही गाठली. पाच वेळा पणजीकडे तोंड करून, पाच वेळा पाठ करून. स्टिअरिंग सरळ, इंजिन रिव्हर्सला, थ्रॉटल एक झटका.

पिछाडी दहाही वेळा होडीच्या डावीकडे गेली. म्हणजे देवचार जेटीवर नव्हता, होडीतच होता.

बोटीवरची माणसं ह्याला 'प्रॉप वॉक' म्हणतात. पंखा, म्हणजे प्रॉपेलर, पिछाडीला आडवा चालवत नेतो. बहुतेक एक-इंजिनी होड्यांचा पंखा 'उजवा' असतो. मागे उभं राहून बघितलं तर पुढे जाताना तो घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो, आणि रिव्हर्सला अर्थातच उलटा. उजवा पंखा रिव्हर्सला पिछाडी डावीकडे नेतो, डावा पंखा उजवीकडे. दोन इंजिनांच्या बोटींवर बहुधा एक उजवा आणि एक डावा पंखा लावतात, त्यामुळे दोघांची ओढ एकमेकांत जिरते.

पण का? इथे भाचीने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यातला गोरा गृहस्थ छातीठोकपणे सांगत होता की खालचं पाणी वरच्यापेक्षा घट्ट असतं, म्हणून पंख्याच्या खालच्या पात्याला जास्त पकड मिळते. हे उत्तर इतक्या ठिकाणी लिहिलेलं आहे की ते खोटं आहे असं म्हणायला आधी हिशेब करून बघावा लागतो. पाणी दाबलं जाता जात नाही. दहा मीटर खोल गेलं की दाब एका वातावरणाने वाढतो, आणि तेवढ्याने पाण्याची घनता वाढते साधारण ०.००५ टक्के. तिच्या होडीचा पंखा जेमतेम ३० सेंटिमीटर व्यासाचा. वरच्या आणि खालच्या पात्याखालच्या पाण्यात फरक पडला तर तो दहा लाखांत एकदोन भागांचा. त्याने होडी काय, पाण्यावर पडलेलं माडाचं झावळंसुद्धा वळणार नाही.

पावसाळ्यात मांडवीत गोडं पाणी वर आणि खारं खाली असे थर होतात, हे खरं. गोड्या पाण्याची घनता घनमीटरला १००० किलो, समुद्राच्या पाण्याची सुमारे १०२५. अगदी पुरता फरक धरला तरी अडीच टक्के. आणि आमचा प्रयोग मेमधला, तेव्हा समुद्राचं पाणी नदीत बरंच आत चढलेलं असतं. घट्ट पाण्याची गोष्ट सोडून द्यायची.

खरं कारण मला सर्वात चांगलं दिसलं ते त्याच म्हाताऱ्यांच्या पुतण्याच्या ट्रॉलरवर. ट्रॉलरचा पंखा मोठा आणि होडीच्या पोटाखाली असतो, त्यामुळे सगळं ठसठशीत दिसतं. पुतण्याने रिव्हर्स टाकला आणि मी काठावरून वाकून पाहिलं. पिछाडीच्या उजव्या कुशीला पांढरा फेस उसळून वर आला, लाकडाला थापा मारत पुढे सरकला. डाव्या कुशीला पाणी जवळजवळ शांत. थोडे बुडबुडे, तेही उशिरा आणि लांबवर.

हा फेस म्हणजेच उत्तर आहे. पंखा पाणी नुसतं ढकलत नाही, ते पिळतो. त्याने फेकलेला झोत सरळ न जाता दोरीच्या पिळासारखा फिरत जातो. पुढे जाताना हा पिळदार झोत मागे मोकळ्या नदीत निघून जातो, त्याचं होडीला सोयरसुतक नसतं. रिव्हर्समध्ये तोच झोत पुढे, म्हणजे होडीच्या अंगावर येतो. उजवा पंखा रिव्हर्सला घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणजे मागून पाहताना झोताची उजवी बाजू वर चढत असते आणि डावी खाली उतरत असते. उजवीकडचं पाणी वर चढून होडीच्या कुशीवर आदळतं. डावीकडचं पाणी खाली बुडी मारून पोटाखालून निसटतं. उजव्या कुशीला थापा, डावीला नाही. पिछाडी डावीकडे सरकणारच.

जोडीला दुसरं कारण आहे. पंखा पाण्याला थोडं आडवंही ढकलतो. रिव्हर्सला खालचं पातं पाणी उजवीकडे लोटतं, म्हणून त्याची प्रतिक्रिया पिछाडीला डावीकडे नेते. वरचं पातं नेमकं उलट करतं. दोन्ही सारखी जोरात असती तर फिटंफाट झाली असती. पण वरचं पातं पृष्ठभागाजवळ असतं, ते हवा खेचून घेतं आणि फेसात फिरताना त्याची पकड सुटते. खोलीचा संबंध आहे तो इथे, घनतेशी नव्हे तर हवेशी. आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेर टांगलेल्या, इंजिनात ह्यावर आणखी एक गंमत आहे. त्यांचा धूर बहुधा पंख्याच्या मधल्या पोकळ तुंब्यातून पाण्यात सोडलेला असतो. पुढे जाताना तो मागे राहतो, पण रिव्हर्सला पंखा स्वतःचाच धूर परत गिळतो. म्हणून आउटबोर्ड मागे खेचताना जीव नसल्यासारखं वागतं.

ओढ सर्वात जास्त जाणवते ती सुरुवातीच्या झटक्यात, होडी अजून थांबलेली असते तेव्हा. मागे वेग धरला की पाणी दोन्ही कुशींवरून वाहू लागतं आणि होडी सरळ राहायला बघते. ट्रॉलरला ही ओढ जबर, भाचीच्या होडीला मर्यादित. तिच्याकडे आणखी एक सोय आहे. आउटबोर्डला वेगळं सुकाणू नसतं, अख्खं इंजिनच वळतं. ट्रॉलरवाल्याला रिव्हर्सच्या सुरुवातीला सुकाणू जवळजवळ निकामी असतं, कारण पंख्याचा झोत त्याच्यावरून न जाता उलट्या दिशेने निघालेला असतो.

हे कळल्यावर भाचीने पहिली गोष्ट केली ती बाजू बदलायची. आधी ती जेटी उजव्या हाताला ठेवून लागायची, का ते तिलाही ठाऊक नव्हतं, स्कूटर लावायची सवय असावी. आता ती जेटी डाव्या हाताला घेते. साधारण तीस अंशांच्या कोनात अगदी हळू येते, नाळ जेटीला टेकायच्या बेताला स्टिअरिंग जेटीच्या बाजूला पूर्ण फिरवते, आणि रिव्हर्सचा एकच छोटा झटका देते. होडी थांबते आणि त्याच दमात पिछाडी अलगद आत येते. ज्या ओढीशी ती पंधरा दिवस भांडत होती, तीच आता तिचं अर्धं काम करते. म्हातारे हे बघत होते. म्हणाले, "पावलो म्हण तुका." विडी कोणी दिली नव्हती.

देवचाराला विडी देणाऱ्यांबद्दल मी फार बोलणार नाही, त्यात कोणाचं नुकसान नाही. पण ह्याच सरावाच्या काळात मी पर्यटकांना फिरवणारी एक स्पीडबोट पाहिली. पुढे काचेखाली ताजी लिंबू-मिरची बांधलेली, आणि किल स्विचची लाल दोरी कन्सोलवरच गुंडाळून ठेवलेली. त्या दोरीचं एक टोक चालवणाऱ्याच्या मांडीला किंवा जाकिटाला अडकवायचं असतं. तो पाण्यात फेकला गेला तर दोरी ओढली जाऊन इंजिन तत्क्षणी बंद पडतं. नाहीतर रिकामी होडी गोल गोल फिरत त्याच्याच अंगावर येऊ शकते, पंख्यासकट. लिंबू दर शनिवारी बदलतात. दोरीचा प्लास्टिकचा वेटोळा नवा कोरा होता, कधी ताणलाच गेला नव्हता.

आता पुढे जातानाचं कोडं. रिव्हर्सचं प्रकरण मिटलं आणि भाचीने नवीनच तक्रार आणली. पूर्ण वेगात स्टिअरिंग हलकेच उजवीकडे खेचतं. झोत तर मागे मोकळ्यात जातो, मग आता काय?

इथे जरा भूमिती आहे, कंटाळा आला तर खुशाल पुढे उडी मारा. पंख्याचा दांडा पाण्याला तंतोतंत समांतर नसतो. वेगात होडी नाळ उचलते, म्हणून दांडा मागच्या टोकाला खाली झुकतो. समोरून आडवं येणारं पाणी अशा झुकलेल्या पंख्याला किंचित खालून वर आल्यासारखं भेटतं. खाली उतरणारं पातं ह्या पाण्याला सामोरं जातं, वर चढणारं पातं त्याच्यापासून पळतं. दांडा १० अंश झुकलेला आणि होडीचा वेग सेकंदाला ५ मीटर धरा. पाण्याचा 'वर'चा हिस्सा ५ गुणिले साइन १०, म्हणजे सुमारे ०.८७ मीटर. ३० सेंटिमीटरचा पंखा सेकंदाला २५ फेरे घेत असेल, तर पात्याच्या मधल्या-बाहेरच्या भागाचा वेग सुमारे १६.५ मीटर. उतरणाऱ्या पात्याला पाणी १७.४ ने भेटतं, चढणाऱ्याला १५.६ ने. रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून नुसत्या वेगामुळेच एका बाजूला जवळपास पाव पट जास्त जोर. पात्याचा पाण्याशी होणारा कोन बदलतो तो हिशेब वेगळाच. उजव्या पंख्याचं उतरणारं पातं उजवीकडे. तिकडचा जोर जास्त, म्हणून इंजिन आपल्या खुंट्याभोवती वळायला बघतं आणि होडी उजवीकडे. एका पंख्याचं छोटं विमान धावपट्टीवर नाक उचलताना डावीकडे खेचतं, त्यातही हीच उतरत्या पात्याची करामत असते. फरक एवढाच की विमानाचं इंजिन पक्कं बसवलेलं असतं, आउटबोर्ड खुंट्याभोवती वळतं, म्हणून दिशा उलटी.

इंजिन बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतं. पंख्याच्या वर जी आडवी पत्री असते, तिच्या खालच्या बाजूला पंख्याच्या मागे एक बोटभर पाकळी बोल्टने बसवलेली असते. बऱ्याच इंजिनांवर ती मुद्दाम गंजायला ठेवलेल्या धातूची असते, म्हणजे खाऱ्या पाण्यात आधी ती झिजते आणि बाकीचं इंजिन वाचतं. पण तिचा आकार नावेच्या सुकाणूसारखा, तो सुकाणूच्याच कामासाठी. होडी उजवीकडे खेचत असेल तर पाकळीची मागची कड थोडी उजवीकडे वळवून घट्ट करायची.

जूनच्या तोंडावर होडी ट्रेलरवर वर काढली, तेव्हा भाची इंजिनाखाली पाठीवर झोपून ते सगळं बघत होती. पाकळी एका बाजूला कललेली दिसली. कोणीतरी दगडावर आपटून वाकवली असं समजून तिने पाना लावलाही होता. मेकॅनिकने वरून ओरडून थांबवलं. आता तिने मार्करने पाकळीच्या कडेला, पत्रीवर, एक बारीक काळी रेघ ओढून ठेवली आहे. सप्टेंबर संपला की तिथून एकेक मिलिमीटर हलवून बघणार आहे.